रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

नागपूरच्या पश्चिमेस जी टेकडी आहे तिला सारे शहर ‘सेमिनरी हिल्स’ या नावाने ओळखते. संत चार्ल्स यांच्या नावाची सेमिनरी तेथे उभी आहे, म्हणून हे नाव. पुढे त्याच टेकडीवर सरकारी वसाहती झाल्या, वनखात्याचे बालोद्यान झाले. पण नाव राहिले ते सेमिनरीचेच. आमची धर्मगुरुपदाची घडण याच टेकडीवर झाली. सायंप्रार्थना आटोपून मौन पाळीत आम्ही फेऱ्या घालीत असू, तेव्हा कडुनिंबाच्या एका ढोलीतून पिंगळ्यांची जोडी बाहेर येई आणि असा कलकलाट करी, की मौनाचे सारे गांभीर्य क्षणात ओसरून जाई. बागेत काम करणारे म्हातारे माळीबाबा आम्हांला सांगत, “फादर, पिंगळा बोलला, आता उद्या कोणीतरी निरोप घेऊन येणार.” आम्ही तेव्हा फादर झालो नव्हतो, पण बाबा आम्हां सर्वांना आगाऊच फादर म्हणत.

पिंगळा आणि निरोप यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. पहाटेच्या अंधारात कंदील व टाळ घेऊन दारोदार फिरणारा, घरधन्याचे भविष्य सांगून सूपभर धान्य नेणारा जो भिक्षेकरी, त्यालाही आपल्याकडे ‘पिंगळा’च म्हणतात. त्याच्या वाणीला लोक मान देतात. मात्र ज्याच्यावरून त्याला हे नाव मिळाले त्या पक्ष्याला पाहून दार लावून घेतात. घुबडाच्या जातीचे हे दुर्दैव फार जुने आहे. लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात निषिद्ध पक्ष्यांच्या यादीत घुबडे आहेत, आणि एकशे दोनाव्या स्तोत्राचा कर्ता आपल्या एकाकीपणाला उपमा शोधतो तेव्हा त्यालाही भग्नावशेषांत बसलेले घुबडच आठवते. दुसरीकडे हेच घुबड लक्ष्मीचे वाहनही आहे. या मानाचा त्याला फारसा लाभ झालेला नाही. उलट दिवाळीच्या दिवसांत जादूटोण्यासाठी त्याची चोरटी विक्री होते, असे वनखात्याचेच लोक सांगतात.

या लेखात जी हकिगत सांगावयाची आहे ती सेमिनरीच्या ढोलीतल्या ओळखीच्या पिंगळ्याची नव्हे, तर त्याच्या रानातल्या चुलतभावाची. त्याला मराठीत ‘रानपिंगळा’ म्हणतात. तो सातपुड्याच्या डोंगररानातला रहिवासी. शास्त्रज्ञ ज्यांना गाणारे पक्षी म्हणतात त्यांच्या गणात घुबडांना जागा नाही, हे आम्ही जाणतो. दयाळ किंवा कस्तुराशेजारी त्याला बसविण्याचा आमचा विचार नाही. परंतु रानपिंगळ्यालाही स्वतःची साद आहे, आणि आज त्याचा शोध घेणारे लोक प्रथम त्या सादेवरच कान ठेवून असतात. हा पक्षी १८८४ नंतर जगाला दिसला नाही. तो पुन्हा दिसला १९९७ साली, म्हणजे एकशे तेरा वर्षांनी. या एकशे तेरा वर्षांत तो कोठे होता, आणि तो सापडण्यास एवढा विलंब का लागला, याचा इतिहास आमच्या मते केवळ पक्षिप्रेमींपुरता नाही.

या इतिहासाचा आरंभ एका अर्थाने नागपुरातच होतो. १८६१ साली इंग्रजांनी मध्य प्रांत निर्माण केला व त्याची राजधानी नागपूर ठरविली. छत्तीसगडचा सारा मुलूख तेव्हा येथून चालविला जाई. तो काळ मोजमापाचा होता. जमीन, जंगल, खनिजे, जमाती, भाषा या सर्वांची नोंद करण्याचा ध्यास राज्यकर्त्यांना लागला होता, आणि त्या ध्यासात मिशनरीही मागे नव्हते. स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांचे नाव आज नागपूरच्या महाविद्यालयाला आहे, ते सुवार्ता सांगत हिंडताना खडकांतील जीवाश्म गोळा करीत. १८६३ मध्ये ते नाल्याच्या पुरात वाहून गेले. त्याच वर्षी येथे मध्यवर्ती संग्रहालयाची स्थापना झाली. नागपूरकर त्याला प्रेमाने ‘अजब बंगला’ म्हणतात. तेथील काचेच्या कपाटांतील पेंढा भरलेले पक्षी पाहून भ्यालेली मुले आमच्या धर्मग्रामातही पुष्कळ आहेत.

अशा त्या काळात, १८७२ च्या डिसेंबर महिन्यात, एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने फुलझर जमीनदारीतील बसना येथे एक लहानसे घुबड टिपले. हे ठिकाण तेव्हा मध्य प्रांताच्या संबळपूर जिल्ह्यात होते. आज ते छत्तीसगडच्या महासमुंद जिल्ह्यात आहे. ब्लेविट आपले नमुने अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे धाडीत असत. हे ह्यूम म्हणजे तेच, ज्यांचे नाव १८८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक म्हणून आपण शाळेत पाठ केले. राजकारणाइतकेच, कदाचित अधिकच, त्यांचे प्रेम पक्ष्यांवर होते. ‘स्ट्रे फेदर्स’ या नावाचे पक्षिविषयक नियतकालिक ते स्वतः चालवीत. १८७३ साली त्यांनी या घुबडाचे वर्णन प्रसिद्ध केले, ते वेगळेच आहे असे पाहून त्याच्यासाठी ‘हेटेरोग्लॉक्स’ हा नवा वंश कल्पिला, आणि जातीला ब्लेविट यांचे नाव दिले.

ह्यूम यांच्याविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमविली होती. १८८४ च्या हिवाळ्यात ते सिमल्याच्या आपल्या घरी नसताना ते सारे कागद रद्दीच्या भावाने बाजारात विकले गेले. त्या आघाताने त्यांचे पक्षिशास्त्रावरील मनच उडाले. १८८५ मध्ये त्यांनी आपला हजारो पक्ष्यांचा व अंड्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. आपल्या धर्मग्रामांतील जुन्या वह्या वाळवीच्या तोंडी जाताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ह्यूम यांचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

१८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना खरियार येथे हा पक्षी मिळाला. खरियारही तेव्हा मध्य प्रांतातच होते; १९३६ मध्ये ओरिसा प्रांत झाला तेव्हा ते तिकडे गेले. म्हणजे रानपिंगळ्याची पहिली ओळख जगाला झाली ती नागपूरच्या अंमलाखालील मुलखात. त्यानंतर १८८० ते १८८४ या काळात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने येथून शेकडो मैल पश्चिमेस, खानदेशातील शहादे-तळोदे या भागात याचे अनेक नमुने मिळविले. डेव्हिडसन हे मोठे दक्ष निरीक्षक होते. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’मधून प्रसिद्धही केली.

यानंतर मात्र सारे शांत झाले. जगातील सर्व संग्रहालये धुंडाळली तरी या पक्ष्याची एकूण सात कातडी, एवढाच काय तो पुरावा.

आता थोडे विषयांतर करावे लागेल, कारण पुढील प्रकार समजण्यास ते आवश्यक आहे. संग्रहालयातील पक्षी म्हणजे आतील मांस काढून, कातड्याला औषध चोळून, आत कापूस भरून शिवलेला पक्षी. त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. कोणी, कोठे, कधी मिळविला, एवढेच तिच्यावर असते. चिठ्ठी गेली की पक्षी नुसता पिसांचा पुंजका उरतो. आम्हां धर्मगुरूंना याचे मर्म चटकन कळते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत चार ओळी असतात; त्या चार ओळींवर एका माणसाचे लग्न, वारसा, कधीकधी नोकरीही अवलंबून असते. आमच्या उमेदवारीच्या काळात एका जुन्या वहीतील चुकीच्या तारखेमुळे एका मुलीच्या लग्नाच्या जाहिराती महिनाभर लांबल्या. मंडप ठरलेला, पाहुण्यांची तिकिटे काढलेली. कोणा पूर्वसूरीने घाईत सालाचा एक आकडा चुकविला होता, एवढेच. ती चूक होती. जाणूनबुजून केलेली नव्हती. तरी त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

रानपिंगळ्याच्या सात कातड्यांपैकी एकाच्या पायाला जी चिठ्ठी होती ती चुकीची नव्हती. ती खोटी होती.

कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन हे इंग्रज लष्करातील बडे प्रस्थ. जन्म १८७८ चा, मृत्यू १९६७ चा. पहिल्या महायुद्धातील त्यांच्या हेरगिरीच्या सुरस कथा बहुत काळ सांगितल्या जात. पक्ष्यांचा त्यांचा संग्रह सुमारे वीस हजारांचा होता व १९५४ मध्ये त्यांनी तो ब्रिटिश संग्रहालयाला दिला. आपले डॉ. सालिम अली १९३७ मध्ये त्यांच्यासोबत अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेवर गेले होते. अशा माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? त्यांच्या संग्रहातील रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, की तो १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये गुजरातेत, तापीकाठच्या मांडवी येथे मिळाला. म्हणजे डेव्हिडसननंतर तीस वर्षांनी हा पक्षी जिवंत होता, आणि तोही एका नव्याच ठिकाणी, असा त्याचा अर्थ झाला.

पुढच्या पिढीतील अभ्यासकांनी ही नोंद साहजिकच शेवटची व म्हणून सर्वांत भरवशाची मानली. १९७० च्या दशकात सालिम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख डिलन रिप्ले यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. तो हाती लागला नाही. रिप्ले यांनी १९७६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याच्यावर एक टिपण लिहून, ह्यूम यांचा स्वतंत्र वंश मोडून त्याला साध्या पिंगळ्याच्या वंशात घालावे, असे सुचविले. अधूनमधून कोणी छायाचित्र पुढे आणी; पाहता पाहता ते आपल्या ढोलीतल्या नेहमीच्या पिंगळ्याचे ठरे. सालिम अली १९८७ मध्ये निवर्तले. त्यांच्या डोळ्यांना हा पक्षी पडला नाही.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषी दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाचे काम रिप्ले यांच्याबरोबर करीत होत्या. त्यासाठी संग्रहालयांतील कातडी त्या एकेक करून तपाशीत. अॅलन नॉक्स या अभ्यासकाने माइनर्ट्‌झहागन यांच्या काही नमुन्यांविषयी १९९३ मध्येच गंभीर संशय व्यक्त केला होता. रासमुसेन व त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याकडे बारकाईने पाहिले. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरण्याची व शिवण्याची धाटणी त्याच्या हस्ताक्षरासारखीच वेगळी असते. क्ष-किरणांखाली धरल्यावर या कातड्यात दोन हातांचे काम दिसले: आधीची धाटणी डेव्हिडसन यांची, आणि ती उसवून नंतर कोणीतरी पुन्हा भरलेले. शिवाय, चिठ्ठीवर जी वेळ होती त्या दिवसांत कर्नलसाहेब मांडवीच्या रानात नव्हतेच. पूर्व आफ्रिकेवर निघालेल्या सैन्याबरोबर ते मुंबईत व नंतर समुद्रावर होते. निष्कर्ष एकच निघत होता. डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळविलेला पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून चोरला गेला, नव्याने भरला गेला, आणि खोट्या गावाची, खोट्या सालाची चिठ्ठी बांधून दात्याच्या थाटात त्याच संग्रहालयाला परत देण्यात आला. हे सारे १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात पुराव्यांनिशी प्रसिद्ध झाले. पुढील तपासात याच गृहस्थांचे असे शेकडो नमुने उजेडात आले.

माणूस असे का करतो, हा प्रश्न आम्हांला कबुलीजबाबाच्या आसनावर बसून अनेकदा पडला आहे. भूक नव्हती, पैशाची अडचण नव्हती. एका दुर्मिळ पक्ष्यापुढे आपले नाव लागावे, एवढाच हेतू असावा. पण त्याचा परिणाम पाहा. तो पक्षी मांडवीच्या बाजूला शोधला गेला, जेथे तो कधी मिळालाच नव्हता. डेव्हिडसन यांच्या प्रामाणिक चिठ्ठ्या तेवढ्या काळ कपाटात पडून राहिल्या आणि या अवधीत ज्या जंगलांत तो होता, ती जंगले तोडली जात होती. एका संपूर्ण पिढीचा शोध चुकीच्या वाटेने गेला. याची भरपाई कोणत्या प्रायश्चित्ताने करावी हे आम्हांला ठाऊक नाही.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर नकाशा पुन्हा स्वच्छ झाला. उरली ती खरी ठिकाणे: पूर्वेस फुलझर आणि खरियार, पश्चिमेस खानदेश. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. प्रथम ते पूर्वेकडे गेले. ब्लेविट यांच्या वेळच्या रानाच्या जागी तेथे त्यांना बहुतांशी शेते दिसली. मग ते पश्चिमेकडे वळले व शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला पोहोचले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी बेन किंग यांची दृष्टी एका घुबडावर गेली. भरउन्हात, निष्पर्ण फांदीवर तो पक्षी बसला होता. माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, छाती गडद तपकिरी, पायांवर दाट पांढरी पिसे, नख्या आकाराच्या मानाने दांडग्या: कातड्यांवरून पाठ केलेल्या साऱ्या खुणा त्याच्यापाशी होत्या. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले. डेव्हिडसनने ज्या मुलखात त्याला पाहिले, तेथेच तो होता. तो कोठेही गेला नव्हता.

शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार हा वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ पासून झाला. ही बातमी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा आम्ही नवे धर्मगुरू होतो आणि खरे सांगावयाचे तर ती वाचून पुढच्या पानाकडे वळलो. पुष्कळ वर्षांनी माळीबाबांची आठवण निघाली तेव्हा ती पुन्हा मनात आली.

शोध लागल्यावर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने काम हाती घेतले. फराह इश्तियाक यांनी डॉ. असद रहमानी यांच्या मार्गदर्शनाखाली तोरणमाळ-तळोदे परिसरात या पक्ष्याचे जीवन जवळून अभ्यासले. त्यातून जी माहिती मिळाली ती विस्मयकारक आहे. घुबड असूनही हा मुख्यतः दिवसा वावरतो. सकाळी उन्हात बसून तो सरडे, उंदीर, कीटक टिपतो. लहान पक्षीही सोडीत नाही. त्याला घनदाट अरण्य लागत नाही. सागाचे विरळ, उघडे रान त्याला मानवते. पण घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली मात्र हवी. वीण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. अंडी बहुधा दोन. जन्मदात्याने स्वतःचेच पिल्लू खाल्ल्याची नोंदही या अभ्यासकांनी केली आहे. निसर्गात सारे वात्सल्य भरलेले आहे, असे प्रवचनात सांगणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती नोंद जरूर वाचावी.

जुन्या आढळक्षेत्रातील चौदा जंगलांची जी पाहणी झाली तिचे निष्कर्ष २००० साली पुढे आले. चार ठिकाणी मिळून पंचवीस पक्षी. सारे उत्तर महाराष्ट्रात व मध्य प्रदेशाच्या नैर्ऋत्य भागात. पूर्वेकडे एकही नाही. त्या चारांत आपल्या विदर्भातील मेळघाट होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पुढे गिरीश जठार यांनी मेळघाटात सविस्तर अभ्यास केला व तेथे हा पक्षी आधीच्या अंदाजापेक्षा बराच अधिक असल्याचे दिसले. प्राची मेहता, जयंत कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांना मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातील कालीभीतच्या जंगलात तो मिळाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये ठाण्याच्या बाजूला तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आत, तो दिसला तेव्हा जाणकारही चकित झाले. त्यानंतर गुजरातच्या डांगमध्येही त्याची नोंद झाली.

आता मेळघाटाविषयी. हे रान अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले त्यांत हे होते. परंतु वृत्तपत्रे वाचणाऱ्या मराठी माणसाला मेळघाट आठवते ते वाघासाठी नव्हे, तर बालमृत्यूंसाठी. १९९३ साली तेथील कोरकू बालकांच्या कुपोषणाने महाराष्ट्राची मान खाली गेली, आणि ती गोष्ट त्या एका वर्षाची राहिली नाही. म्हणून आमच्या एका धर्मग्रामस्थ बाईंनी या लेखाचा विषय ऐकून आम्हांला सरळच विचारले, “फादर, तिथे लेकरं मरतात आणि तुम्ही घुबडावर लिहिता?”

प्रश्न बिनतोड आहे. त्याला आम्ही दिलेले उत्तर त्यांना पुरते पटले असे वाटत नाही, तरी येथे मांडतो. पक्षी आणि लेकरू यांना आमनेसामने उभे केले ते आपण. रानपिंगळा विरळ रानात, कुरणांच्या कडेने, कित्येकदा शेताच्या बांधालगत राहतो. कोरकू पाड्यांचे आणि त्याचे शेजारपण आजचे नाही. पण जंगल राखायचे म्हणजे माणसे हलवायची, असा एक समज रूढ झाला. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड या गावांपासून मेळघाटात पुनर्वसनाला आरंभ झाला. काहींना त्यातून जमीन, रस्ता, शाळा मिळाली, हेही मान्य केले पाहिजे. परंतु अकोट बाजूला वसविलेल्यांपैकी पुष्कळजण सोयी मिळाल्या नाहीत म्हणून परत रानात गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये वनकर्मचारी व गावकरी यांच्यात जो संघर्ष झाला त्यात दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. त्या जखमी वनरक्षकांतही गरिबांचीच मुले होती.

या पक्ष्याला खरा धोका कशाचा? ढोलीची जुनी झाडे सरपणासाठी, इमारतीसाठी तुटतात. दरवर्षी उन्हाळ्यात वणवे लागतात. मोहफुले वेचताना किंवा तेंदूची नवी पालवी यावी म्हणून लावलेली आग हाताबाहेर जाते. तोरणमाळकडे जंगलजमिनीवर शेती पसरली. मोठ्या धरणांमुळे खोऱ्यांतली रानेही बुडाली. शेतात उंदरांसाठी विष घातले जाते आणि तेच उंदीर घुबडाच्या पोटात जातात. जादूटोण्याची गोष्ट वर आलीच आहे. यांतील बहुतेक कारणे कोरकू किंवा भिल्लाच्या दारिद्र्याशी जाऊन भिडतात. उरलेली आपल्या शहरी गरजांशी: सागाचे फर्निचर आमच्या पॅरिश हॉलमध्येही आहे.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात सेमाडोहला जाण्याचा योग आला. सोबतीला एक तरुण कोरकू वनरक्षक होता. पहाटे सिपना नदीच्या काठाने आम्ही चाललो. सागाची मोठाली वाळकी पाने पायाखाली इतकी वाजत होती, की पक्ष्याने थांबावे तरी कशाला! एका ठिकाणी त्याने हात वर करून थांबविले. पलीकडून दोन सुरांची, जरा मऊ अशी हाक आली. मग पुन्हा एकदा. आम्ही उत्सुकतेने विचारले, “हाच का?” तो बराच वेळ ऐकत उभा राहिला. मग मान हलवून म्हणाला, “असेल बी, नसेल बी, फादर.” अर्धा तास वाट पाहिली, दिसले काही नाही. परत आल्यावर त्याने चौकीतल्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी केल्या. सांबर, मोर, अस्वलाची विष्ठा. रानपिंगळ्याचे नाव त्याने लिहिले नाही. आम्ही सुचवून पाहिले, की निदान आवाजाची नोंद करावी. तो हसला आणि वही मिटून कपाटात ठेवली. त्यामुळे आम्ही रानपिंगळा पाहिला किंवा ऐकला, असे येथे म्हणता येत नाही.

आज या पक्ष्याची स्थिती काय आहे, हे सांगून थांबतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत तो अनेक वर्षे ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात होता. २०१८ मध्ये त्याला एक पायरी खाली आणून ‘संकटग्रस्त’ ठरविण्यात आले. हे ऐकून काहींनी आनंद मानला. मात्र त्याचे कारण पक्षी वाढले हे नव्हे. शोधणारे वाढले, त्यांना नवी ठिकाणे मिळाली, हे होते. प्रौढ पक्ष्यांची संख्या अडीचशे ते एक हजार यांच्या दरम्यान असावी असा त्या वेळचा अंदाज, आणि ती घटतच आहे असा त्याला जोडलेला शेरा. एका मोठ्या रविवारच्या मिस्साला आमच्या कॅथेड्रलमध्ये यापेक्षा अधिक माणसे जमतात. त्याच २०१८ साली भारतीय शास्त्रज्ञांनी त्याची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली व तो साध्या पिंगळ्याच्याच कुळातला असल्याचे दाखविले. म्हणजे ह्यूम आणि रिप्ले यांच्या वादात रिप्ले यांचे म्हणणे खरे ठरले. रिप्ले २००१ मध्येच वारले होते. पक्षी पुन्हा सापडला तेव्हा मात्र ते हयात होते.

ट्रिंग येथील संग्रहालयात, जेथे ब्रिटिश संग्रहालयाचे पक्षी आता ठेवलेले आहेत, डेव्हिडसनची कातडी आणि कर्नलचे कातडे आजही आहे. पूर्वेकडे, जेथे ब्लेविटने १८७२ मध्ये पहिला पक्षी टिपला आणि जो मुलूख तेव्हा नागपूरच्या कचेरीतून चालत होता, त्या बसना-फुलझरच्या परिसरात पाहणी करणाऱ्यांना रानपिंगळा मिळाला नाही. तेथे आता भाताची शेते आहेत. पण बॉलच्या खरियारपलीकडे दक्षिणेला डोंगर अजून रानाने झाकलेले आहेत, आणि तेथील साऱ्या ढोल्या कोणी तपासून पाहिलेल्या नाहीत.